स्वस्तातला यूज अँड थ्रो रेझर आणि गुळगुळीत दाढी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला आहे. ड्युटीवर एक खुंट दिसला तरी ब्रीफिंगला सगळ्यांसमोर बोलणी बसतात, त्यामुळे गेली बारा वर्षं आठवड्यातले सहा दिवस दाढी चुकलेली नाही. राहायला परळची चाळ. घरात मोरी, मोरीत पिंप, पिंपावर तांब्या. गेल्या वर्षी महागड्या कार्ट्रिजचा (दांडा तोच ठेवून बदलायचं ब्लेडचं डोकं) वर्षाचा हिशेब मांडला, वैतागलो आणि बाजारात दिसतील ते यूज अँड थ्रो रेझर आणून एकेक करून पाहिले. तेव्हापासून स्टाफरूममधली पोरं, चाळीतले काका, पुतण्या आणि पुतण्याचे मित्र तेच ते प्रश्न पाठवत असतात. ते सगळे इथे एका जागी आणलेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे फक्त नंबर दिलाय.

१. यूज अँड थ्रोने खरंच गुळगुळीत दाढी होते, की प्रवासात काम भागवण्यापुरताच तो?

होते. रेझर नवा, खुंट भिजलेले आणि हात हलका असेल तर पंधरा-वीस रुपयांच्या रेझरने केलेला गाल आणि महागड्या कार्ट्रिजने केलेला गाल मला तरी हात फिरवून वेगळा ओळखता आलेला नाही. फरक कळतो तो जबड्याच्या कडेला, कंठमण्यावर आणि नाकाखाली. महागडा रेझर आपल्या चुका पोटात घालतो. दाब जास्त पडला तर त्याची ब्लेडं आत दबतात, कोन चुकला तर डोकं वळतं. स्वस्त रेझर काही पोटात घालत नाही, चूक झाली की लगेच रक्त दाखवतो.

एक विनंती. हॉटेलच्या खोलीत कागदी खोक्यात मिळतो त्या रेझरवरून या जातीबद्दल मत बनवू नका. तो सगळ्यात कमी दराच्या कोटेशनवर येतो. मी ती कोटेशनं पाहिली आहेत.

२. एक ब्लेड, दोन ब्लेड, तीन ब्लेड. सुरुवात कशाने करू?

दोन ब्लेडचा घ्या, डोकं न वळणारा.

कारण सांगतो. १९७१ साली जिलेटने दोन ब्लेडचा ट्रॅक टू आणला. त्यामागची कल्पना अशी, की पहिलं ब्लेड केस कापता कापता थोडा वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आत दुसरं ब्लेड त्याला आणखी खालून कापतं. म्हणून दुसऱ्या ब्लेडने फरक पडतो. तिसऱ्या ब्लेडनेही पडतो, पण स्वस्तातल्या रेझरमध्ये तीन ब्लेडं इतकी जवळ बसवलेली असतात, की दोन फटक्यांत मधल्या फटी भरून जातात (प्रश्न ५). एका ब्लेडचा रेझर वाईट नाही. तो लवकर धुतला जातो आणि ज्यांना पुळ्या येतात त्यांना तोच बरा पडतो (प्रश्न ११). मात्र त्याच जागेवरून दोनदा जावं लागतं.

वळणारं डोकं सोयीचं असतं हे खरं. पण स्वस्त रेझरमध्ये तो सांधा नुसता प्लास्टिकचा असतो. चौथ्या-पाचव्या दाढीला तो सैल पडतो आणि डोकं नको तिथे लवतं.

३. आधी किती वेळ भिजवायचं? विरारहून सकाळी सातची फास्ट पकडायची असते, एवढा वेळ कुठून आणू?

दोन ते तीन मिनिटं. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

दाढीचा सुका केस भलताच चिवट असतो. पाणी पिऊन तो फुगतो, मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. अडचण अशी, की केसावर तेलाचा थर असतो आणि रात्रभराच्या घामाने मुंबईत तो जरा जास्तच असतो. म्हणून नुसतं पाणी मारून भागत नाही. आधी चेहरा साबणाने धुवायचा, मग भिजवायचं.

अंघोळीनंतर दाढी केली तर हे सगळं आपोआप होतं. पण आपल्याकडे बहुतेक घरांत दाढी आधी आणि अंघोळ मागून. माझी आई आजही अंघोळ झाल्यावर मला रेझर हातात घेऊ देत नाही. त्यावर माझा तोडगा असा: सकाळी चहाचं आधण ठेवतो त्यात दोन पेले पाणी जास्त घालतो. चहापत्ती टाकायच्या आधी ते मगात काढून घ्यायचं, गार पाणी घालून सोसेल इतपत करायचं, त्यात पंचाचं टोक बुडवून पिळायचं आणि गालाला नि गळ्याला लावून बसायचं. चहा उकळून खाली उतरेपर्यंत दाढी तयार. जादा वेळ शून्य.

एवढंही जमत नसेल तर फेस लावा आणि लगेच रेझर उचलू नका. तेवढ्यात शर्टाला इस्त्री करा, डबा भरा. साबणाच्या फेसातलं पाणीही केस भिजवतं. मला वाटतं, स्वस्त रेझरला नावं ठेवणारे दहातले आठ जण खरं तर सुक्या खुंटांना नावं ठेवत असतात.

४. फोम, क्रीम, जेल, की अंघोळीचा साबण चालेल?

क्रीम आणि ब्रश. ब्रश गोल फिरवला की केस उभे राहतात आणि फेस मुळाशी जातो. कॅनमधला फोम दिसायला भरगच्च, पण त्यात हवाच जास्त. हाताने चोळून, वर दोन थेंब पाणी टाकून वापरलात तर चालतो. अंघोळीचा साबण अडचणीला ठीक आहे, पण त्याचा फेस उन्हाळ्यात पंख्याखाली मिनिटभरात सुकतो आणि सुकलेल्या फेसावरून रेझर फिरवणं म्हणजे पापडावरून फिरवणं. खोबरेल तेल लावून करणारे काहीजण आहेत. दाढी चांगली होते, पण ब्लेडांच्या मध्ये तेल आणि केसांचा लगदा बसतो आणि तो पाण्याने जात नाही.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्हवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

५. मगमध्ये कितीही हलवला तरी ब्लेडांच्या मधले केस निघत नाहीत. काय करू?

ही तक्रार फक्त तुमची नाही, हिच्यामुळे एक अख्खा रेझर नव्याने घडवावा लागला. जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. केसांचा लगदा ढकलून काढायला त्याला एक दांडी दिलेली होती. चाचणी घेतली ती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. त्यांना तो आवडला, कारण तिथे नळाला धो धो पाणी. इथे लोक पेलाभर पाण्यात दाढी करतात, त्यात ती दांडी काही कामाची ठरली नाही. नंतर जिलेटची माणसं इथल्या घरांत जाऊन बसली, लोक जमिनीवर बसून, हातात आरसा धरून, अंधुक उजेडात दाढी कशी करतात ते पाहिलं, आणि २०१० मध्ये गार्ड आला. एकच ब्लेड, मोजकेच सुटे भाग, धुवायला सोपा. तेव्हा रेझर १५ रुपयांना होता आणि कार्ट्रिज ५ रुपयांना. (गार्ड यूज अँड थ्रो नाही, डोकं बदलता येतं. बरेच जण ते न बदलता अख्खाच टाकून देतात, ही गोष्ट वेगळी.)

आता तुमचा उपाय. रेझर घेतानाच डोकं उजेडासमोर धरून मागून बघा. ब्लेडांच्या मधून आरपार उजेड दिसला तर तो धुतला जाईल. मागची बाजू प्लास्टिकने बंद असेल तर घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

घरी धुताना मगात तो चमच्यासारखा ढवळू नका. डोकं उलटं धरा आणि तांब्यातून बारीक धार मागच्या बाजूने सोडा. केस ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर पडतात. तेही दर दोन फटक्यांनी, गाल संपल्यावर नव्हे. मोरीच्या कठड्यावर आपटू नका. आणि टूथब्रशने खरवडू तर मुळीच नका. मी ते करून पाहिलंय, रेझर त्या दिवसापासून ओढायला लागला आणि ब्रशचे केस कापले गेले ते वेगळंच.

६. दाब किती द्यायचा? नीट लागत नाही म्हणून मी जोर देतो.

जोर द्यावासा वाटला की समजा, खुंट भिजले नाहीत, रेझर भरलाय किंवा ब्लेड गेलंय. तिन्हीवर जोर हे औषध नाही.

रेझर मुठीत धरू नका, शेपटाकडे तीन बोटांत धरा, पेन धरतो तसा. इतक्या मागे धरल्यावर दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही. डोक्याची खालची कड आणि वरची पट्टी दोन्ही कातडीला टेकल्या की कोन बरोबर. फक्त वरची कड टेकली तर तो नुसता सरकतो, फक्त खालची टेकली तर खरवडतो. फटका एक-दीड इंचाचा. मोकळ्या हाताने कातडी ताणा. सलूनमध्ये कारागीर अंगठ्याने गाल वर ओढतो, कानापाशी कातडी धरतो, ती कलाकारी नसते, तेच निम्मं काम असतं.

७. उलट्या हाताने, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, केल्याशिवाय गुळगुळीत होत नाही. पण मग जळजळतं. मधला मार्ग आहे का?

आहे, आडवा. पहिला हात केसांच्या दिशेने. मग पुन्हा फेस, आणि दुसरा हात आडवा, म्हणजे गालावर कानाकडून नाकाकडे. गाल आणि हनुवटी एवढ्यावर बहुतेकांची साफ होतात. उलटा हात राखून ठेवा लग्न, इंटरव्ह्यू अशा दिवशी, तोही फक्त गालावर.

मानेचं वेगळं आहे. तिथे केस सगळीकडे खाली वाढत नाहीत. माझ्या डाव्या बाजूला ते कानाकडे वळतात आणि कंठमण्याच्या उजवीकडे चक्क भोवरा आहे. मी तीस वर्षांचा होईपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं आणि रोज सकाळी तिथे रक्त काढत होतो. दोन दिवसांची दाढी वाढू द्या, सुक्या मानेवर बोट चारी दिशांनी फिरवा. ज्या दिशेला टोचत नाही ती केसांची दिशा. आरशावर मार्करने बाण काढून ठेवा, बायको हसली तर हसू दे.

८. एक रेझर किती दाढ्या टिकतो?

रोज करणाऱ्याचा दोन ब्लेडचा रेझर तीन ते पाच दाढ्या नीट चालतो. माझे खुंट राठ आहेत, मी चौथ्यानंतर टाकतो. पुतण्याला नुकतीच दाढी फुटली आहे, त्याचा महिनाभर चालतो. दिवस मोजू नका, एकच खूण पाहा: ज्या क्षणी केस कापल्याऐवजी ओढल्यासारखा वाटतो, तेव्हा ती शेवटची दाढी.

धार जाते कशी, याचं उत्तर मला फार आवडतं. ब्लेडचं पोलाद केसापेक्षा साधारण ५० पट कठीण, मग मऊ केस त्याला बोथट कसा करतो? एमआयटीतल्या एका संशोधकाने साध्या यूज अँड थ्रो रेझरने स्वतःचीच दाढी केली आणि प्रत्येक दाढीनंतर धार इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिली. २०२० मध्ये हे काम ‘सायन्स’ या संशोधन पत्रिकेत छापून आलं. धार झिजून गोल झालेली नव्हती, तिचे बारीक टवके उडाले होते. केस तिरका येऊन धारेच्या कच्च्या जागी भिडला की टवका उडतो. म्हणून कधीकधी दुसऱ्याच दाढीला रेझर एका जागी ओरखडे काढतो आणि बाकी ठीक असतो. तुमचा हात चुकलेला नसतो, ब्लेडला तिथे खाच पडलेली असते. असा रेझर पुन्हा सुधारत नाही.

९. जीन्सवर उलटा घासला की धार परत येते म्हणतात. खरं का?

उडालेला टवका घासून परत येत नाही. घासल्याने धारेवरचा साबणाचा आणि क्षाराचा थर निघतो आणि ब्लेड कोरडं होतं, त्यामुळे एखाद-दुसरी दाढी जास्त मिळाल्यासारखी वाटते. शिवाय घासताना धारेवरचा टेफ्लॉनसारखा गुळगुळीत लेपही निघायची भीती. पंधरा रुपयांसाठी जीन्स फाडून घेतलेला एक सहकारी माझ्यासमोर बसतो. नाव सांगत नाही.

१०. वरची पट्टी पावसाळ्यात चिकट, बुळबुळीत होते. काढून टाकू का?

त्या पट्टीत पाण्यात विरघळणारा पदार्थ असतो. ओला झाला की निसरडा होतो, हेच त्याचं काम. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत मोरीतला रेझर वाळतच नाही, म्हणून पट्टी शेंबडासारखी होते. त्यातून तार सुटते, तिला धूळ चिकटते. काढायची गरज नाही, काढताना बोट कापेल. दाढी झाली की झटका, डोकं वर करून पेल्यात उभा करा आणि पेला मोरीबाहेर ठेवा. माझा फ्रिजवर असतो. प्लास्टिकची टोपी ओल्या डोक्यावर लावून ठेवू नका, आत पाणी कोंडतं. टोपी फक्त प्रवासात.

११. मानेवर पुळ्या येतात, केस आतल्या आत वळतात. स्वस्त रेझरमुळेच ना?

किमतीमुळे नाही, फार खालून कापल्यामुळे. दोन-तीन ब्लेडं केस कातडीच्या पातळीखाली कापतात (प्रश्न २). केस कुरळा असेल तर वाढताना त्याचं टोक बाहेर यायच्याऐवजी बाजूच्या कातडीत घुसतं आणि तिथे पुळी येते. म्हणजे तुम्ही जितकी गुळगुळीत कराल तितक्या पुळ्या जास्त. अशांनी गुळगुळीतपणाचा हट्ट मानेपुरता सोडावा: एका ब्लेडचा रेझर, कातडी न ताणता, केसांच्या दिशेने, एकच हात. कमी होत नसेल तर काही आठवडे रेझर बंद आणि ट्रिमर. पू येत असेल, डाग राहत असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

१२. कापलं तर काय? आणि गंजलेल्या ब्लेडने कापलं तर धनुर्वात होतो का?

गार पाण्याने धुवा, स्वच्छ कापड मिनिटभर दाबून धरा, मग ओली तुरटी. तुरटीने झोंबतं आणि रक्त थांबतं. खडा ज्याचा त्याचा वेगळा ठेवा (प्रश्न १४).

धनुर्वाताचे जंतू गंजात राहत नाहीत, ते माती, धूळ, शेणात असतात. गंजामुळे जखम वेडीवाकडी होते आणि अशा जखमेत घाण अडकते, एवढाच त्याचा संबंध. चेहऱ्यावरच्या बारीक ओरखड्याची धास्ती नको, पण मोठ्या माणसांनीही दर दहा वर्षांनी धनुर्वाताचा बूस्टर घ्यायचा असतो आणि बहुतेकांना शेवटचा कधी घेतला ते आठवत नाही. या निमित्ताने घेऊन टाका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा डायबिटीसमुळे जखम लवकर भरत नसेल तर हे पान सोडा आणि इलेक्ट्रिक ट्रिमर घ्या.

१३. तुम्ही तुलना कशी केली? मलाही चार-पाच आणून पाहायचेत.

पहिल्या आठवड्यात मी चुकीची केली. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. त्यातून काही कळत नाही, कारण सोमवारी रविवारच्या सुट्टीची दोन दिवसांची दाढी असते.

मग पद्धत बदलली. एकाच दिवशी डाव्या गालाला एक रेझर, उजव्याला दुसरा. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायची, कारण उजव्या हाताने उजवा गाल नेहमीच जरा बरा होतो. क्रीम तेच, पाणी तेच, वेळ तीच. फटके मोजायचे: गाल साफ व्हायला एकाला अकरा लागले आणि दुसऱ्याला एकोणीस, तर निकाल तिथेच लागला. दाढीनंतर कापसाचा बोळा वरच्या दिशेने फिरवायचा, तंतू अडकले की तिथे खुंट राहिलाय. आणि खरी परीक्षा संध्याकाळी पाच वाजता, युनिफॉर्मची कॉलर मानेला टोचते का. हे सगळं वाण्याच्या वहीत लिहून ठेवलं. सहा आठवड्यांत सात प्रकार झाले.

मला काय सापडलं? डोक्याची घडण ब्लेडच्या संख्येपेक्षा महत्त्वाची. दांडा हलका पोकळ असेल तर ओल्या हातातून फिरतो, भरीव आणि खाचा असलेला बरा. पाचच्या पाकिटात एखादा रेझर पहिल्या दिवसापासूनच खराब निघू शकतो, म्हणून एकाच नगावरून अख्ख्या पाकिटाला नावं ठेवू नका, दुसराही वापरून बघा. आणि नाकाखाली जाड डोकं पोचत नाही. तिथे दोन ब्लेडचा लहान डोक्याचा रेझर तीन ब्लेडवाल्याला प्रत्येक वेळी भारी पडला.

१४. घरात एकच रेझर आहे, भावाने वापरला तर बिघडलं कुठे? धुऊन घेतो की.

बिघडतं. दाढीत न दिसणारे ओरखडे उठतात आणि रक्ताचा अंश ब्लेडवर राहतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो. पाण्याने धुऊन तो जाईल याची खात्री नाही. यूज अँड थ्रो इतका स्वस्त आहे की वाटून घ्यायला कारणच नाही. रंग वेगवेगळे घ्या किंवा दांड्याला रबरबँड लावा. सलूनमध्येही ब्लेड आपल्यासमोर नवं मोडून वस्तऱ्यात घातलं जातंय ना ते पाहायला लाजू नका.

१५. बायकांचे गुलाबी रेझर वेगळे असतात का? (हा प्रश्न रिसेप्शनवरच्या मुलींनी पाच वेळा पाठवलाय.)

काही वेगळे असतात: पायांसाठी मोठं गोलसर डोकं, जाड पट्टी, ओल्या हातात बसणारा दांडा. पण पुष्कळदा तोच रेझर, रंग गुलाबी आणि किंमत चढी. दोन्ही डोकी शेजारी धरून बघा. सारखी दिसली तर निळा घ्या. भिजवणं, धुणं, हलका हात हे सगळं (प्रश्न ३, ५, ६) हातापायांनाही तसंच लागू. चेहऱ्याला आणि पायाला एकच रेझर नको, पायाच्या लांब फटक्यांनी धार लवकर जाते.

१६. स्टेशनबाहेर दहा रुपयांना दोन मिळतात. घ्यावेत का?

मी घेतले होते, एका मोठ्या स्टेशनच्या बाहेरून पाचाचं पाकीट, नावाजलेल्या ब्रँडसारखं दिसणारं. घरी येऊन नीट पाहिलं तर नावातलं एक अक्षर बदललेलं. तिसऱ्या फटक्याला खालच्या ओठाखाली असं कापलं की त्या दिवशी दुपारपर्यंत टिश्यूचा लाल ठिपका लावून पाहुण्यांना ‘वेलकम’ म्हणत उभा होतो.

पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नगांची संख्या, सर्व करांसहित एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर सोडून द्या. टोपी सैल बसत असेल, ब्लेड कडेला वर आलेलं दिसत असेल, छपाई पुसट असेल, तरी सोडा. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास होलसेलमध्ये डझनाने स्वस्त पडतात. तिथेही आधी एकच पाकीट आणून करून पाहा. आणि स्वस्त म्हणजे परदेशी किंवा नकली असंही नाही, ब्लेडचा धंदा आपल्या दाराशीच होता. सुपरमॅक्स ब्लेडंवाली कंपनी विद्युत मेटॅलिक्स ठाण्याची.

१७. श्रावण पाळतो. महिन्याभराची दाढी यूज अँड थ्रोने निघेल का?

थेट नाही. महिन्यात दाढी सेंटीमीटरभर वाढते. इतके लांब केस ब्लेडांच्या मध्ये शिरायच्या आतच अडकतात आणि उपटले जातात. आधी कंगवा आणि कात्रीने, नाहीतर ट्रिमरने खुंटापर्यंत आणा. मग प्रश्न ३ प्रमाणे भिजवा, नेहमीच्या दुप्पट वेळ. रेझर नवाच हवा, आणि तो त्या एका दाढीतच संपला असं समजा. पहिल्या दिवशी फक्त केसांच्या दिशेने. महिनाभर झाकलेली कातडी नाजूक असते, गुळगुळीत दुसऱ्या दिवशी करा. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यापेक्षा सलून परवडलं. श्रावणानंतरच्या दाढीपुरतं त्यांचं बरोबर आहे.

१८. बाबांचा जुना लोखंडी रेझर पडून आहे. सुटं ब्लेड घालून तो वापरला तर आणखी स्वस्त नाही का?

स्वस्त आहे, वाद नाही. किंग कॅम्प जिलेटने १९०३ साली विकायला काढला तो याच धाटणीचा: दांडा ठेवायचा, ब्लेड टाकायचं. पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. दांडासुद्धा टाकून द्यायची कल्पना फ्रान्सच्या बिकची, पेनवाल्यांची, १९७५ सालची. लोखंडी रेझरला प्लास्टिकचा कचरा नाही, एकच ब्लेड असल्याने अडकणं कमी. पण शिकायला दोन-तीन आठवडे जातात आणि तेवढ्यात चेहऱ्याचा नकाशा होतो. सुट्टीच्या दिवसांत शिका. ड्युटीच्या दिवशी शिकू नका.

१९. टाकायचा कसा?

टोपी लावून, वर जाड कागद गुंडाळून चिकटपट्टी मारा आणि सुक्या कचऱ्यात टाका. सुटी ब्लेडं असतील तर रिकाम्या पत्र्याच्या डबीत साठवा, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून द्या. कचरा वेगळा करणारी बाई पिशवीत उघड्या हाताने हात घालते. आमच्या मजल्यावरच्या ताईचा अंगठा असाच कापला होता. कोणाच्या घरातल्या ब्लेडने, ते कुणालाच कळलं नाही.

२०. विमानात हँडबॅगेत चालतो का?

ब्लेड पक्कं बसवलेला यूज अँड थ्रो सहसा चालतो. लोखंडी रेझरची सुटी ब्लेडं चालत नाहीत, ती चेक-इनच्या बॅगेत टाका. तपासणीला उभा असलेला जवान नाही म्हणाला तर वाद घालू नका. पंधरा रुपयांचा आहे, उतरल्यावर नवा घ्या.